महाद्वारापाशी थांबलेला प्रश्न: देवळाचं दार, श्रद्धा आणि न्याय

पंढरपूरला महाद्वारापाशी, नामदेव पायरीच्या समोर, चोखोबांची समाधी आहे. दर्शनाच्या घाईत पुष्कळांचं तिकडे लक्षच जात नाही. माझी आजी मात्र आधी तिथे थांबायची. डोकं टेकवायची, मग नामदेव पायरीला हात लावायची आणि मग आत. मी लहानपणी एकदा तिला विचारलं, "यांची समाधी बाहेरच का?" ती म्हणाली, "त्यांना आत येऊ देत नव्हते गं." कोण? "माणसं." आणि देव? "देव बाहेर यायचा त्यांना भेटायला."

त्या वयात हे उत्तर फार आवडलं. मोठं झाल्यावर तेच उत्तर सलू लागलं. देवाला बाहेर यावंसं वाटत होतं, तर माणसांना चोखोबांना आत घ्यावंसं का वाटलं नाही? आणि जी माणसं रोज चोखोबांचे अभंग म्हणत होती, त्यांनाही ते पुढची सहाशे वर्षं का वाटलं नाही? मंदिरप्रवेश हा शब्द शाळेच्या इतिहासात दोन ओळींत येतो आणि सनावळीत हरवून जातो. पण श्रद्धा आणि न्याय यांचं एकमेकांशी नेमकं काय नातं आहे, हे समजून घ्यायला आपल्याकडे त्याच्याइतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही.

आधी एक गुंता सोडवू. "आम्हाला देवळात येऊ द्या" या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. मला देवाला भेटायचं आहे, ही झाली भक्ती. जागा सगळ्यांची आहे, म्हणून माझीही आहे, हा झाला हक्क. तिसरी गोष्ट अशी की मी आत येतो की नाही हा माझा प्रश्न आहे, पण मला अडवणारे तुम्ही कोण? हा झाला माणूस म्हणून मान. चोखोबा पहिली गोष्ट मागत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रोख मुख्यतः तिसऱ्या गोष्टीवर होता. कायदा बोलतो तो दुसऱ्या गोष्टीबद्दल. हे तिन्ही एकच आहे असं समजून बोलायला लागलं की घरातली चर्चा भांडणावर जाते, असा माझा अनुभव आहे.

वाळवंटातली समता

चोखोबा चौदाव्या शतकातले, मंगळवेढ्याचे. जातीने महार. मेलेली जनावरं ओढायची, गावकीची कामं करायची, गावकुसाबाहेर राहायचं, हे त्यांचं आयुष्य. मंगळवेढ्याच्या कुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि त्याखाली ते गेले, असं परंपरा सांगते. साल इ. स. १३३८. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधल्या आणि पंढरपूरला आणून महाद्वारापाशी समाधी बांधली. कोणत्या हाडांतून "विठ्ठल विठ्ठल" ऐकू येतं ते पाहून नामदेवांनी अस्थी ओळखल्या, ही कथा कीर्तनात अजूनही डोळ्यांत पाणी आणते. मला मात्र त्या कथेतली दुसरी गोष्ट जास्त छळते. तो माणूस मेला वेठीच्या कामावर.

चोखोबांचं सगळं घरच अभंग रचणारं होतं. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. चोखोबांचा "ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा" सगळ्यांना पाठ असतो. वरच्या रंगाला काय भुलतोस, असं ते समजावून सांगतात. त्यांचा सूर मऊ आहे. सोयराबाई वेगळ्या आहेत. त्या सरळ युक्तिवाद करतात. देहाला विटाळ म्हणता, पण तो विटाळ देहातच जन्मला; विटाळावाचून जगात एकतरी देह निर्माण झाला आहे का? मग सोवळा झाला तो कोण? मंत्र म्हणणाऱ्याचा देहही त्याच वाटेने आला आहे. विटाळाच्या सगळ्या शास्त्राचा पायाच या बाईने काढून घेतला.

कर्ममेळा तर देवालाच धरतो. "आमुची केली हीन याती, तुज कां न कळे श्रीपती" असं म्हणून पुढे तो सांगतो की आमचा जन्म उष्टं खाण्यात गेला आणि तुला त्याची लाज वाटत नाही. बापाने जे सोसलं ते मुलगा सोसायला तयार नाही, हे त्या ओळींत ऐकू येतं. हे अभंग वारकऱ्यांनी जपले, गाथेत ठेवले, हेही लक्षात घ्यायला हवं. देवाला असं खडसावणारा आवाज आपल्या परंपरेने पुसून टाकला नाही. त्याचं श्रेय तिला दिलंच पाहिजे.

आता अवघड भाग. चंद्रभागेच्या वाळवंटात वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. तिथे जात विचारायची नाही, हा भाव खरा आहे आणि मोठा आहे. तरी वारी संपवून माणसं गावी परतली की एक जण वेशीच्या आत जायचा आणि दुसरा बाहेरच्या वस्तीत. असं का झालं असेल?

कारण देवापुढे समान असणं आणि माणसामाणसांत समान असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. देवापुढच्या समतेचा संबंध भक्त आणि देव या दोघांपुरता असतो. ती मान्य करायला कुणाला काही सोडावं लागत नाही. माणसांतली समता मान्य करायची तर पाणवठा, जमीन, ताट, रस्ता, सोयरीक या सगळ्याला हात घालावा लागतो. पहिली समता तोंडभरून मान्य करून दुसरी टाळता येते. बाबासाहेबांनी संतपरंपरेवर जी टीका केली ती नेमकी इथे बोट ठेवते. संतांचा विषय माणूस आणि देव यांच्यातलं नातं हा होता, माणसामाणसांतला झगडा हा नव्हता, असं त्यांचं म्हणणं होतं. ही टीका वारकरी घरात पचायला जड जाते. मलाही गेली. पण वारीहून परतल्यावर ज्याच्या त्याच्या पाणवठ्याचं काय झालं, हा प्रश्न विचारला की ती खोटी ठरवता येत नाही.

नाशिकचे चार दरवाजे

२ मार्च १९३० या दिवशी नाशिकच्या काळाराम मंदिराकडे मिरवणूक निघाली. सुमारे पंधरा हजार माणसं होती असं सांगतात. बाबासाहेब होते, नाशिकचे दादासाहेब गायकवाड होते, अमृतराव रणखांबे होते. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाज्यांसमोर सत्याग्रही तुकड्या-तुकड्यांनी बसू लागले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बायका होत्या. याच महिन्यात गांधीजी मिठासाठी दांडीला चालत निघाले होते आणि सगळ्या देशाचं लक्ष तिकडे होतं. एकाच महिन्यात दोन सत्याग्रह चालले होते, एक परक्या सरकारपुढे आणि एक आपल्याच माणसांपुढे. रामनवमीच्या उत्सवात, ९ एप्रिलला, रथाच्या वेळी दगडफेक झाली, माणसं जखमी झाली. रामाच्या जन्माच्या उत्सवात रामाचं दर्शन मागणाऱ्यांवर दगड पडले, हे वाक्य मी कितीही वेळा लिहिलं तरी हात थांबतो.

नाशिक काही अचानक घडलं नव्हतं. २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं होतं. १९२९मध्ये पुण्यात पर्वतीच्या मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह झाला होता. नाशिकचा लढा मात्र पुढची चार-पाच वर्षं चालत राहिला. घरदार, रोजगार सांभाळून माणसं त्या दरवाज्यांपुढे येत राहिली. गावोगावी त्यांच्यावर बहिष्कार पडले. दार उघडलं नाही.

मग ३ मार्च १९३४ला बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना एक पत्र लिहिलं. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली त्या पत्रात आहे. त्यात ते सांगतात की मी हा लढा सुरू केला तो आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून नाही, आणि देवळात गेल्याने आपण हिंदू समाजात बरोबरीचे होऊ असं वाटलं म्हणूनही नाही. आपल्या लोकांमध्ये चेतना यावी, आपली स्थिती काय आहे याची जाणीव व्हावी, यासाठी हा सर्वांत चांगला मार्ग वाटला. ते काम झालं आहे. आता शक्ती शिक्षण आणि राजकारण यांकडे लावावी.

नीट वाचलं तर लक्षात येतं की हे पत्र हार मान्य करण्याचं नाही. दाराची भाषाच ते बदलून टाकतं. तोवर प्रश्न होता, आतले लोक दार कधी उघडतील? म्हणजे सगळी ताकद आतल्यांच्या मर्जीत. बाबासाहेब बाहेरच्यांना सांगतात की तुमचं मोठेपण त्या दारावर अवलंबून नाही. त्याच्या वर्षभर आधी, मंदिरप्रवेशाच्या विधेयकावर चर्चा चालू असताना, त्यांनी जाहीरपणे म्हटलं होतं की देवळं उघडायची की नाही हे तुम्ही ठरवा. माणसाच्या प्रतिष्ठेचा मान न राखणं असभ्यपणाचं वाटत असेल तर उघडा, नसेल तर बंद ठेवा, मला यायचं नाही.

त्यांच्या घरातली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. रमाबाईंची पंढरपूरला जायची फार इच्छा होती. त्या भाविक होत्या. पण तिथे जायचं म्हणजे लांब उभं राहायचं, मूर्ती दिसायची नाही. बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली, ती त्यांच्या चरित्रात नोंदलेली आहे. जी पंढरी आपल्या भक्तांना देव पाहू देत नाही ती काय कामाची? आपण चांगल्या आचरणाने, निःस्वार्थ सेवेने, दुबळ्यांसाठी केलेल्या त्यागाने दुसरी पंढरी उभी करू. २७ मे १९३५ला रमाबाई गेल्या. पंढरपूर राहूनच गेलं. त्याच वर्षी, १३ ऑक्टोबरला, येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही.

ही घोषणा आणि रमाबाईंची राहिलेली वारी यांचा थेट संबंध जोडावा असं मी म्हणत नाही. पण एका नवऱ्याने आपल्या बायकोला "तिथे जाऊ नकोस" असं सांगताना काय वाटलं असेल, हा विचार मला सोडत नाही. त्यांच्या वडिलांच्या घरी कबीरपंथ होता, भजन होतं. श्रद्धा म्हणजे काय हे त्या घराला चांगलं ठाऊक होतं.

पुढे २१ वर्षं त्यांनी धर्माचा अभ्यास केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. धम्म म्हणजे काय, हे त्यांनी फार साध्या शब्दांत सांगितलं आहे. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसं एकमेकांच्या संबंधात आली की धम्माला जागा द्यावीच लागते. एवढ्यात सगळं येतं. श्रद्धा जर फक्त मी आणि माझा देव एवढ्यापुरती असेल, तर शेजारी कसा जगतो याच्याशी तिला देणंघेणं नसतं. त्यांच्या लेखी शेजारी कसा जगतो हाच धर्माचा पहिला प्रश्न होता.

आतून दार ठोठावणारा

आता दाराच्या दुसऱ्या बाजूला जाऊ. १ मे १९४७ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. तनपुरे महाराजांच्या मठात त्यांना जागा मिळाली. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर फिरले होते, राष्ट्र सेवा दलाची तरुण मुलं कलापथकासह बरोबर होती. त्या दौऱ्यात अनेक गावांनी आपल्या विहिरी आणि देवळं खुली केली. स्वातंत्र्य तीन-साडेतीन महिन्यांवर आलं होतं, फाळणीच्या बातम्यांनी देश होरपळत होता आणि हा कृश प्रकृतीचा माणूस म्हणत होता की विठ्ठलाचं दार उघडत नाही तोवर मी अन्न घेणार नाही. खुद्द गांधीजींनाही हे उपोषण पटलं नव्हतं. गुरुजी गांधींना मानणारे, तरी मागे हटले नाहीत. काँग्रेसचे नेते दादासाहेब मावळणकर यांनी मध्यस्थी केली आणि दहा दिवसांनी मंदिर खुलं करण्याचं मान्य झालं.

दार उघडायच्या आधी काही सनातनी मंडळींनी मूर्तीतलं तेज मंत्राने घागरीतल्या पाण्यात काढून ठेवलं, अशी आठवण सांगतात. माणसांच्या स्पर्शाने देव बाटेल ही भीती किती खोल गेली होती, हे त्यातून कळतं. आणि देवाचं तेज आपल्या ताब्यात आहे हा विश्वासही.

गुरुजी आणि बाबासाहेब यांची तुलना नेहमी होते आणि बहुतेक वेळा एकाला लहान करण्यासाठी होते. मला वाटतं ते दोघं वेगवेगळ्या लोकांशी बोलत होते. गुरुजी सवर्ण होते. आपल्याच लोकांपुढे उभे राहून ते म्हणत होते की ही आपली लाज आहे, आपल्याला ही धुवायची आहे. त्यांच्या उपोषणात प्रायश्चित्त होतं. बाबासाहेब बोलत होते ज्यांना अडवलं गेलं त्यांच्याशी. त्यांना प्रायश्चित्त घ्यायचं कारणच नव्हतं, आणि विनवण्या करणं त्यांनी का म्हणून सोसावं? ज्याने अडवलं आहे त्याने दार उघडायला हवं, हे आतून म्हणणं योग्य आहे. ज्याला अडवलं आहे त्याने दाराशी ताटकळत राहू नये, हे बाहेरून म्हणणं तितकंच योग्य आहे. घोटाळा होतो तो जागांची अदलाबदल झाली की. आत उभा असलेला माणूस जेव्हा बाहेरच्याला सांगतो, "अरे, देवळात काय ठेवलंय, शिक्षण घे", तेव्हा शब्द बाबासाहेबांचे असतात, पण अर्थ उलटा झालेला असतो. कारण दार त्याच्या हातात असतं आणि ते त्याने बंदच ठेवलेलं असतं.

कायदा काय म्हणतो

त्याच १९४७ साली मुंबई प्रांतात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. मग राज्यघटना आली. तिच्या अनुच्छेद १७ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचं पालन हा गुन्हा ठरवला. अनुच्छेद २५ने प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचं आणि धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य दिलं. अनुच्छेद २६ने धार्मिक संप्रदायांना आपले धार्मिक व्यवहार आपण चालवायचा अधिकार दिला.

यात गाठ कुठे पडते? एखादा संप्रदाय म्हणतो, आमच्या देवळात कोण येणार हे ठरवणं हा आमचा धर्म. बाहेरचा माणूस म्हणतो, इथे येणं हा माझा हक्क. दोघंही घटनेचंच नाव घेतात.

घटनाकारांना ही गाठ आधीच दिसली होती. म्हणून अनुच्छेद २५ची सुरुवातच अटीने होते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांमधल्या इतर तरतुदी यांच्या अधीन राहून हे स्वातंत्र्य आहे, असं तिथे म्हटलं आहे. आणि त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या भागात लिहिलं आहे की सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करणारा कायदा सरकार करू शकतं. महाद्वारापाशी अडवलेल्या माणसांचा प्रश्न तिथे सरळ कायद्याच्या भाषेत येऊन बसला आहे.

पहिली मोठी कसोटी लागली मुल्कीच्या व्यंकटरमण मंदिरात. मुल्की कर्नाटकच्या किनाऱ्यावर. मंदिर गौड सारस्वत ब्राह्मणांचं, म्हणजे गोव्याहून दक्षिणेकडे गेलेल्या, घरी कोंकणी बोलणाऱ्या समाजाचं. त्यांचं म्हणणं, हे आमच्या संप्रदायाचं देऊळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७मध्ये निकाल दिला. ते संप्रदायाचं आहे हे न्यायालयाने मान्य केलं, पण संप्रदायाचा अधिकार लोकांच्या प्रवेशाच्या हक्कापुढे दुय्यम ठरतो असं सांगितलं. काही ठरावीक विधी संप्रदाय आपल्यापुरते ठेवू शकतो, पण त्यामुळे इतरांचा दर्शनाचा हक्क पोकळ होता कामा नये.

दुसरा खटला अहमदाबादचा. स्वामीनारायण पंथाच्या सत्संगींनी १९४८च्या जानेवारीतच दावा लावला की आम्ही हिंदू नाही, स्वतंत्र धर्म आहोत, म्हणून हा कायदा आम्हाला लागू नाही. निकाल लागला १९६६मध्ये, सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या लेखणीतून. हे साताऱ्याचे. त्यांनी दावा फेटाळला, आणि प्रवेशाला विरोध अंधश्रद्धेतून, अज्ञानातून आणि हिंदू धर्माची व खुद्द स्वामीनारायणांची शिकवण न समजल्यातून आला आहे, असं लिहिलं.

निकाल मला पूर्ण मान्य आहे. त्याचं कारण मात्र अस्वस्थ करतं. एखाद्या पंथाची खरी शिकवण कोणती हे न्यायाधीशाने सांगायचं का? १९५४पासून न्यायालयं "धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता" ही कसोटी लावत आली आहेत. अत्यावश्यक असेल तर संरक्षण जास्त, नसेल तर कमी. म्हणजे काळ्या कोटातल्या माणसाला पोथी उघडून बसावं लागतं. आज तो पोथीतून समता काढेल, उद्या दुसरा विषमता काढेल. आणि समजा, एखादी अन्यायाची रीत खरोखरच कुणाच्या धर्माचा गाभा निघाली, तर? माणसाला अपमानित करणारी गोष्ट गाभ्यातली आहे म्हणून ती न्याय्य होत नाही.

केरळमधल्या शबरीमला मंदिराच्या २०१८च्या निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वेगळी वाट घेतली. मासिक पाळीच्या विटाळावरून बायकांना अडवणं हे अनुच्छेद १७मधल्या अस्पृश्यतेतच मोडतं, असं त्यांनी म्हटलं. हे वाचताना मला सोयराबाई आठवल्या. विटाळावाचून एकही देह निर्माण झाला नाही, हे मंगळवेढ्याच्या गावकुसाबाहेर राहणाऱ्या बाईने आधीच सांगून ठेवलं होतं. त्याच निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांचं मत विरोधात होतं. सतीसारखी घातक प्रथा नसेल तर श्रद्धेत तर्काचं मोजमाप न्यायालयाने लावू नये, असं त्यांचं म्हणणं. त्या मताशी मी सहमत नाही, पण ते हलक्यात घेण्यासारखं नाही. २०१९मध्ये यातले मूळ प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवले गेले.

आपल्याकडे शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाता येत नव्हतं. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यांनी आधार घेतला १९५६च्या मंदिरप्रवेश कायद्याचा, म्हणजे १९४७च्या कायद्याच्याच वारसदाराचा. जिथे पुरुष जाऊ शकतात तिथे बायकांनाही जाता आलं पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं आणि ८ एप्रिल २०१६ला, गुढीपाडव्याला, चौथरा खुला झाला. दलितांनी दगड झेलून जो कायदा मिळवला, त्याच कायद्याने साठ वर्षांनी सगळ्या जातींच्या बायकांचं दार उघडलं. त्या दिवशी पेढे वाटणाऱ्या किती घरांत नाशिकच्या त्या २५ बायकांची आठवण निघाली असेल?

घरात हा विषय निघतो तेव्हा

"परंपरा आहे ती," असं कुणी म्हटलं की मी विचारते, कोणती? अडवणाऱ्यांची परंपरा आहे तशी सोयराबाईंची आणि कर्ममेळ्याचीही आहे, आणि तीही तितकीच जुनी आहे. परंपरा म्हटल्यावर त्यातली कोणती उचलायची ही निवड आपली असते, आणि आपल्या निवडीचा भार पूर्वजांवर टाकणं बरोबर नाही.

"ज्यांना श्रद्धा नाही त्यांना देवळात कशाला जायचंय?" हाही प्रश्न नेहमीचा. पण दाराशी कुणाच्या श्रद्धेची परीक्षा घेतली जाते? मी स्वतः कितीदा नुसती सवयीने रांगेत उभी राहिले आहे. मला कुणी विचारलं नाही.

तिसरं वाक्य जरा खालच्या आवाजात येतं: "त्यांनी तर धर्मच सोडला, मग आता तो जुना विषय कशाला?" खरं आहे, आंबेडकरी समाजाने त्या दाराकडे पाठ फिरवली. नागपूरचे दलित समाजसुधारक किसन फागूजी बनसोडे यांनी १९०७मध्ये मुलींची शाळा काढली तेव्हा तिला चोखोबांचं नाव दिलं होतं. पुढच्या पिढीने चोखोबांचा मार्ग बाजूला ठेवला, कारण पायरीपाशी थांबणं त्यांना मंजूर नव्हतं. त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. पण विषय त्यांच्यापुरता संपला म्हणून आत उभ्या असलेल्यांपुरता तो संपत नाही.

१९४८मध्ये बाबासाहेबांचं 'द अनटचेबल्स' हे पुस्तक आलं. अस्पृश्य मूळचे कोण होते आणि ते अस्पृश्य कसे झाले याचा शोध त्यात आहे. रमाबाईंना पंढरपूरला जाऊ नकोस म्हणून सांगितल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, येवल्याच्या घोषणेला तेरा. पुस्तकाच्या सुरुवातीला अर्पणपत्रिका आहे. तिथे अस्पृश्य जातींत जन्मलेल्या तीन संतांची नावं आहेत, नंदनार, रविदास आणि चोखामेळा.